कीर्तनाची रील कापली की पिक्सेल का फुटतात?

'व्हिडिओचा तुकडाच तर काढला, त्यात क्वालिटी कशी जाईल?' सप्ताहाचं शूटिंग करणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो. दोन तासांचं कीर्तन आडव्या कॅमेऱ्यावर शूट होतं, यूट्यूबवर चढतं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या तीस-चाळीस सेकंदांच्या उभ्या रील फिरू लागतात. मूळ व्हिडिओत महाराजांच्या कपाळावरचा बुक्का ठसठशीत दिसत असतो. रीलमध्ये तिथे करडा डाग उरतो आणि मागच्या टाळकऱ्यांचे चेहरे चौकोनी ठिपक्यांत विरघळतात. दोष मग मोबाइलला दिला जातो, नाहीतर नेटला. खरं कारण व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीतच आहे, आणि ती पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

आधी सोपा हिशोब उरकू. फुल एचडी चित्र 1920 बिंदू (पिक्सेल) रुंद आणि 1080 बिंदू उंच असतं. त्यातून 9:16 ची उभी पट्टी काढली की रुंदी उरते जेमतेम 607 बिंदू. म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त चित्र टाकून दिलं. मृदंगाचार्य गेले, विणेकरी गेले. दोघांची मुलाखत असेल तर मधलं रिकामं टेबल तेवढं हाती येतं. पट्टी कुठे ठेवायची हे हल्ली सॉफ्टवेअर चेहरे आणि हालचाल ओळखून ठरवतं. गूगलने 2020 मध्ये 'ऑटोफ्लिप' नावाची अशी प्रणाली सर्वांसाठी खुली केली होती. पण रीलला 1080 बिंदूंची रुंदी लागते, म्हणून 607 बिंदू जवळजवळ पावणेदोन पट ताणले जातात. धूसरपणा इथेच येतो. चौकोन मात्र इथून येत नाहीत.

त्यासाठी व्हिडिओच्या पोटात शिरावं लागेल. प्रत्येक बिंदूचा रंग लिहायला तीन बाइट धरले, तर एका चित्राला साधारण 62 लाख बाइट लागतात. सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे 155 एमबी. दोन तासांच्या कीर्तनाला अकराशे जीबीपेक्षा जास्त! प्रत्यक्षात सेकंदाला 5 मेगाबिट या दराने तेच कीर्तन साडेचार जीबीत बसतं. जवळपास अडीचशे पट आकुंचन, आणि तरी पाहणाऱ्याला फारसं काही गेल्यासारखं वाटत नाही.

पहिली युक्ती अशी, की बहुतेक चित्रं साठवायचीच नाहीत. महाराज एका जागी उभं राहून दृष्टांत सांगतायत, मागचा पडदा तोच, टाळकरी स्तब्ध. एका चित्रातून पुढच्या चित्रात बदलतो तो हात आणि ओठ. मग एक चित्र पूर्ण साठवायचं आणि पुढच्यांसाठी फक्त 'हा 16 बाय 16 बिंदूंचा चौकोन मागच्या चित्रात अमुक जागी होता, तो तेवढा सरकवून इथे ठेव, आणि उरलेला फरक हा' अशा नोंदी करायच्या. 2003 साली आलेल्या आणि आजही सर्वत्र चालणाऱ्या एच.264 या पद्धतीत हे सरकवणं पाव बिंदूपर्यंत अचूक सांगता येतं. काही चित्रं तर पुढच्या, अजून दिसायच्या असलेल्या चित्राचाही आधार घेतात. म्हणून फाइलमध्ये चित्रांचा क्रम एक असतो आणि पडद्यावर दिसण्याचा दुसरा.

पूर्ण साठवलेल्या चित्राला कीफ्रेम म्हणतात. बँकेच्या पासबुकात फक्त जमा-खर्चाच्या नोंदी असाव्यात आणि शिल्लक मात्र पाच-सात पानांनी एकदाच लिहिलेली असावी, तसा हा प्रकार. मधलंच पान फाडून घेतलं तर खात्यात किती पैसे आहेत ते कळणार नाही. व्हिडिओ नुसता सरळ कापला की हेच होतं. सुरुवातीला आवाज येतो पण चित्र गोठलेलं किंवा काळं असतं, आणि पुढची कीफ्रेम आली की एकदम जिवंत होतं. एक्स264 या बहुप्रचलित एन्कोडरमध्ये (व्हिडिओ आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काहीच सेटिंग बदललं नाही, तर दोन कीफ्रेममध्ये 250 चित्रंदेखील असू शकतात, म्हणजे दहा सेकंद. 'कात्री लावायची' म्हणून लावता येत नाही ती यामुळे. आणि उभी पट्टी काढायची तर प्रत्येक चित्र आधी पूर्ण उलगडावं लागतं, कापून ताणावं लागतं आणि पुन्हा नव्याने दाबावं, म्हणजे आकुंचित करावं लागतं. त्याला पर्याय नाही.

पुन्हा दाबलं की नुकसान का होतं? इथे दुसरी युक्ती येते, माझ्या मते गेल्या शतकातल्या सर्वांत देखण्या गणिती कल्पनांपैकी एक. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. 1972 मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. तरीही त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत काम पूर्ण केलं आणि 1974 मध्ये ते प्रसिद्ध झालं. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजेच डीसीटी. जेपेग फोटोपासून आजच्या व्हिडिओपर्यंत सगळं त्यावर किंवा त्याच्या जवळच्या रूपांवर उभं आहे.

8 बाय 8 बिंदूंचा एक चौकोन घ्या. त्यात 64 आकडे आहेत. डीसीटी म्हणते, हे 64 आकडे म्हणजे 64 ठरावीक नक्ष्यांची बेरीज आहे. एक नक्षी सपाट, एक हळू चढत जाणारी, पुढच्या अधिकाधिक बारीक पट्ट्यांच्या. प्रत्येक नक्षी किती प्रमाणात मिसळली आहे ते लिहिलं की चौकोन परत तयार करता येतो. इथपर्यंत काहीच हरवत नाही, 64 आकड्यांचे 64 आकडेच झाले. पण खऱ्या जगातल्या चित्रांत बहुतेक वजन पहिल्या काही ढोबळ नक्ष्यांवर पडतं, आणि बारीक नक्ष्यांतला थोडा फरक आपल्या डोळ्याला जाणवत नाही. म्हणून प्रत्येक प्रमाणाला एका आकड्याने भागून उत्तर पूर्णांकात आणतात. बारीक नक्ष्यांची उत्तरं शून्य होतात, आणि शून्यांची रांग लिहायला जवळजवळ जागाच लागत नाही.

समजा एका नक्षीचं प्रमाण 47 आहे आणि भाजक 10. उत्तर 4.7, म्हणून 5 लिहिलं. उलगडताना 5 गुणिले 10, म्हणजे 50. चूक फक्त तीनची. आता हा व्हिडिओ उतरवून घेतला आणि पुन्हा दाबला, या वेळी भाजक 14. 50 भागिले 14 म्हणजे 3.57, म्हणून 4, उलगडल्यावर 56. चूक नऊची झाली. मूळ 47 वरूनच थेट 14 ने भागलं असतं तर 42 मिळाले असते, म्हणजे पाचची चूक. दुसऱ्या वेळी भागाकाराला खरा आकडा माहीतच नव्हता. आधीची चूकच त्याने खरी मानली.

ताणल्यामुळे आणखी एक घोटाळा होतो. जुने 16 बिंदूंचे चौकोन पावणेदोन पटींनी वाढून साधारण 28 बिंदूंचे होतात. नवा एन्कोडर आपले 16 चे चौकोन नव्याने आखतो, त्यामुळे जुन्या चौकोनांच्या कडा नव्या चौकोनांच्या मधोमध येतात. एन्कोडरला कसं कळणार की ही कड मंडपात नव्हतीच? तो ती खरी रेघ समजून जपायला बिट, म्हणजे फाइलमधली जागा, खर्च करतो आणि तेवढे बिट चेहऱ्यातून कापले जातात.

त्यात रीलसाठी निवडला जातो तो नेमका गजराचा क्षण. टाळकरी पावली खेळतायत, पितळी टाळ झगमगत वर-खाली होतायत, उपरणी उडतायत. 'मागच्या चित्रातला चौकोन सरकवून ठेव' ही युक्ती इथे थकते, कारण मागच्या चित्रातलं जवळजवळ काहीच जागेवर नसतं. फरकच इतका असतो की ठरलेल्या बिटमध्ये तो मावत नाही. मग भाजक वाढवला जातो आणि चौकोन उघडे पडतात. मंडपाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते आधी दिसतात.

यावर 'एआयने 4K करा, गेलेली क्वालिटी परत आणा' अशा जाहिराती धडाक्यात चालतात. भागाकारात शून्य झालेलं प्रमाण कुठेही लिहून ठेवलेलं नसतं, ते परत आणण्याचा मार्ग नाही. ती ॲप्स लाखो चेहरे पाहून 'इथे असं काहीतरी असावं' असा अंदाज रंगवतात. मागच्या रांगेतल्या टाळकऱ्याला त्याचे नसलेले डोळे आणि दात मिळतात. करमणुकीसाठी ठीक, पण पन्नास वर्षांनी गावाने आपला सप्ताह पाहायला तो व्हिडिओ उघडला तर त्यात माणसं आपली नसतील.

करायचं ते साधं आहे. यूट्यूबवरून उतरवलेल्या किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलवर रील कापू नका, कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागा. ती एकदा दाबलेली असते. बाकीच्या दोनदा, तीनदा. एक्स्पोर्ट करताना बिटरेट (दर सेकंदाला किती बिट वापरायचे तो दर) चढा ठेवा, कारण रील चढवल्यावर ती आणखी एकदा दाबली जाणारच आहे. शक्य असेल तर 4K मध्ये शूट करा. 3840 बाय 2160 च्या चित्रातून उभी पट्टी 1215 बिंदू रुंद मिळते, म्हणजे ताणायची गरजच नाही. उलट थोडं आकसावं लागतं, आणि आकसताना शेजारच्या बिंदूंची सरासरी होऊन जुन्या चुका थोड्या विरतात. अपलोड झालं की कार्ड फॉरमॅट करायची घाई असते, दोन तासांचं 4K सांभाळायला जागाही नसते. तेव्हा निदान गजराची पाच मिनिटं तरी मूळ फाइलमधून नव्याने न दाबता, कीफ्रेमपासून कीफ्रेमपर्यंत सरळ कापून बाजूला ठेवा. त्या तुकड्यातला एकही आकडा बदललेला नसतो, आणि पुढची प्रत्येक रील त्यावरूनच कापता येते.