तेलभक्षी जनुकसंस्कारित जीवाणू

खनिज तेलातील हायड्रोकार्बने पचवण्याची क्षमता जनुकीय फेरबदलाने मुद्दाम वाढवलेले जीवाणू. समुद्रावरचा तवंग, तेलाने भिजलेली जमीन किंवा दूषित भूजल यांची सफाई त्यांच्याकडून करून घ्यावी, ही कल्पना १९७० च्या दशकात पुढे आली. प्रत्यक्ष तेलगळतीवर त्यांचा वापर मात्र जवळजवळ झालेलाच नाही. याचे कारण जनुकांपेक्षा समुद्राच्या आणि मातीच्या परिस्थितीत अधिक सापडते.

तेलावर जगणे जीवाणूंना नवे नाही. समुद्रतळाच्या भेगांतून तेल पूर्वापार झिरपत आले आहे आणि त्यावर पोसणारे सूक्ष्मजीवही निसर्गात आहेतच. ॲल्कॅनिव्होरॅक्स बॉर्क्युमेन्सिस हा सागरी जीवाणू स्वच्छ पाण्यात तुरळक आढळतो, पण तेल पसरताच झपाट्याने वाढतो. अडचण तेलाच्या घडणीत आहे. खनिज तेल हे हजारो संयुगांचे मिश्रण असते. त्यातील सरळ साखळीची अल्केने लवकर पचतात, नॅप्थॅलिनसारख्या वलयी संयुगांना वेळ लागतो आणि डांबरासारखे जड अंश बहुतांशी तसेच राहतात. एका जातीच्या जीवाणूकडे सहसा यांपैकी मोजक्याच संयुगांना पुरणारी विकरे, म्हणजे संयुगे तोडणारी प्रथिने, असतात. अनेक जाती एकत्र सोडल्या तर त्या एकमेकींशी स्पर्धा करतात आणि काही मागे पडतात.

आनंद मोहन चक्रवर्ती (१९३८–२०२०) यांनी या अडचणीवर उपाय शोधला. पश्चिम बंगालमधील सैंथिया येथे जन्मलेले हे जीवरसायनशास्त्रज्ञ १९७१ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील संशोधन केंद्रात दाखल झाले. स्यूडोमोनास जीवाणूंमध्ये कापूर, ऑक्टेन, झायलीन आणि नॅप्थॅलिन पचवणारी जनुके प्लाझ्मिडांवर, म्हणजे मुख्य गुणसूत्रापासून वेगळ्या असलेल्या डीएनएच्या छोट्या वलयांवर असतात. ही चार प्लाझ्मिडे एकाच पेशीत आणण्याचे त्यांनी ठरवले. कापूर आणि ऑक्टेनची प्लाझ्मिडे एका पेशीत टिकत नव्हती, तेव्हा अतिनील किरणांच्या साहाय्याने ती एकमेकांशी जोडली गेली. या कामात डीएनए कापून जोडण्याचे तंत्र वापरलेले नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. जीवाणू एकमेकांना प्लाझ्मिडे देतात, त्या संयुग्मन या नैसर्गिक क्रियेचाच येथे उपयोग करून घेतला होता. त्यामुळे आजच्या काटेकोर अर्थाने या जीवाणूला जनुक-अभियांत्रिकीचे फळ म्हणावे का, यावर दुमत होऊ शकते.

पेटंटसाठी १९७२ मध्ये अर्ज केला गेला. पद्धतीला पेटंट द्यायला परीक्षकाची हरकत नव्हती, पण खुद्द जीवाणूवरचा हक्क त्याने नाकारला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १६ जून १९८० रोजी ‘डायमंड विरुद्ध चक्रवर्ती’ या खटल्याचा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने लागला. मानवाने घडवलेला सूक्ष्मजीव, तो सजीव आहे एवढ्याच कारणाने, पेटंटबाह्य ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढे उभ्या राहिलेल्या जैवतंत्रज्ञान उद्योगाला या निकालाने मोठा आधार दिला. या जीवाणूची जगभर जी ओळख आहे, ती मुख्यतः या खटल्यामुळे.

प्रयोगशाळेपेक्षा समुद्रातली परिस्थिती निराळी असते. तेलात कार्बन भरपूर, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस नगण्य. ही पोषकद्रव्ये पुरेशी नसतील तर कितीही सक्षम जीवाणू वाढू शकत नाही. हायड्रोकार्बनांचे विघटन वेगाने होण्यासाठी ऑक्सिजन लागतो, आणि किनाऱ्याच्या चिखलात खोल मुरलेल्या तेलापर्यंत तो पोहोचत नाही. तेल पाण्यात विरघळत नसल्याने जीवाणूंना थेंबाच्या पृष्ठभागावरच काम करावे लागते. जादा प्लाझ्मिडे सांभाळण्यात पेशीची ऊर्जा खर्च होते, त्यामुळे स्थानिक जीवाणूंपुढे पाहुण्याचा टिकाव लागणे कठीण. लाटा आणि थंडी यांची त्यात भर पडते.

१९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडले, तेव्हा याचा प्रत्यय आला. तेथे जनुकसंस्कारित जीवाणू न सोडता किनाऱ्यांवर नायट्रोजन आणि फॉस्फरसयुक्त खते टाकली गेली, आणि काही ठिकाणी स्थानिक जीवाणूंचे काम स्पष्टपणे वेगावले. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचाचा अपघात झाला, तेव्हाही खोल पाण्यातले तेल खायला तिथलेच जीवाणू मोठ्या संख्येने वाढले होते.

उघड्यावर सोडलेला सजीव परत गोळा करता येत नाही, आणि त्याची जनुके इतर जीवाणूंकडे जाऊ शकतात. ही भीती निराधार नाही. संयुग्मनाने प्लाझ्मिड जितके सहज आत येते तितकेच सहज बाहेरही जाते. म्हणून ठरावीक परिस्थितीत पेशीचा नाश घडवणारी ‘आत्मघाती’ जनुके बसवण्याचे प्रयोग झाले. पण उत्परिवर्तनाने अशी जनुके निकामी झालेल्या थोड्या पेशी वाचतात, हा त्यातला कच्चा दुवा आहे. अनेक देशांत असे जीवाणू पर्यावरणात सोडण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते.

अशी परवानगी घेऊन झालेला एक महत्त्वाचा प्रयोग १९९६ मध्ये टेनेसी राज्यातील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झाला. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स एचके४४ हा जीवाणू जमिनीत बसवलेल्या मोठ्या बंदिस्त मातीपात्रांत सोडण्यात आला. नॅप्थॅलिनचे विघटन सुरू झाले की तो प्रकाश देतो, कारण त्यात प्रकाशजनक जनुके जोडलेली होती. काळ गेला तशी त्याची संख्या घटत गेली, तरी दूषित मातीत विघटन कुठे चालू आहे हे त्याच्या प्रकाशावरून टिपता आले. प्रदूषकाचा माग काढणारा संवेदक म्हणून अशा जीवाणूंवरचे काम आजही चालू आहे.