स्ट्राँबोली

स्ट्राँबोली : इटलीतील सिसिलीच्या उत्तरेस, टिरीनियन समुद्रातील एओलियन द्वीपसमूहापैकी एक बेट व जागृत ज्वालामुखी. क्षेत्रफळ सु. १२.६ चौ. किमी.; उंची ९२४ मी. समुद्रतळापासून मोजल्यास पर्वत सु. ३,००० मी. भरतो, म्हणजे दोन-तृतीयांश भाग पाण्याखालीच आहे. प्रशासकीय दृष्ट्या बेट लीपारी नगरपालिकेत मोडते.

विवरांतून साधारणपणे दर १०–२० मिनिटांनी तप्त लाव्ह्याचे गोळे काही सेकंद उसळतात आणि बहुधा विवरांच्या आसपासच पडतात. अशा उद्रेकांना भूविज्ञानात ‘स्ट्राँबोली प्रकार’ म्हणतात.

ही क्रिया केव्हापासून अखंड चालू आहे, याबाबत एकमत नाही. ग्रीक-रोमन लेखकांच्या उल्लेखांवरून ती दोन हजार वर्षांहून जुनी असल्याचे पूर्वी सरसकट मानले जाई. मात्र त्या उल्लेखांवरून येथे अग्नी दिसत असे एवढेच सिद्ध होते. सातत्य सिद्ध होत नाही. राखेच्या थरांच्या कालमापनावरून सध्याची अखंड उद्रेकांची अवस्था इ. स. तिसरे ते सातवे शतक या दरम्यान केव्हातरी सुरू झाली असावी, हा अनुमान अधिक ग्राह्य वाटतो. १३४३ मध्ये नेपल्सच्या किनाऱ्यावर आदळलेल्या लाटांचा संबंधही अलीकडे स्ट्राँबोलीच्या कडा कोसळण्याशी जोडला जातो.

नेहमीच्या स्फोटांमागे ज्वालामुखीच्या नळीतून वर येऊन फुटणारा वायूचा मोठा बुडबुडा असतो, हे सर्वमान्य आहे. तो खोलवर साठलेला वायूच्या बुडबुड्यांचा फेस कोसळून बनतो की चढताना लहान बुडबुडे एकत्र येऊन, हा वाद मिटलेला नाही. प्रवाशाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे तो शिलारसातील फरक. रोजच्या स्फोटात पडते ती काळी, स्फटिकांनी भरलेली स्कोरिया (थिजलेल्या लाव्ह्याचे सच्छिद्र दगड). मोठ्या उद्रेकात तिच्यासोबत फिकट सोनेरी, हलका, जवळजवळ स्फटिकरहित पमीस दगड सापडतो; तो कित्येक किमी. खोलीवरून झपाट्याने वर आलेला, वायूने भरलेला शिलारस असतो. अशा उद्रेकाआधी जमीन किंचित फुगते, पण मापकांवर ते जेमतेम काही मिनिटे आधी कळते. ३ जुलै २०१९ च्या उद्रेकात एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाला. २८ ऑगस्टला पुन्हा मोठा उद्रेक झाला. जुलैतील उद्रेकापासूनच शिखर बंद आहे.

वाटाड्याशिवाय सु. २९० मी. व अधिकृत वाटाड्यासोबत सु. ४०० मी. उंचीपर्यंत जाता येते. मात्र धोक्याच्या पातळीनुसार नगरपालिका ही मर्यादा आदेशाने खाली आणते किंवा वाट पूर्ण बंद करते. २०२४ च्या जुलैत असेच झाले. त्यामुळे निघायच्या दिवशीचा आदेश पाहावा. महिन्याभरापूर्वीची माहिती निरुपयोगी ठरते. सूर्यास्ताला वर पोचू अशा बेताने चढतात. घोट्यापर्यंतचे बूट, हेल्मेट, डोक्याला बांधायची विजेरी, धुळीसाठी मुखपट्टी, दोन लिटर पाणी आणि बदलण्यासाठी कोरडा सदरा एवढे तरी हवे. चढताना घामाने भिजलेल्या अंगाला वर थांबल्यावर वारा झोंबतो. दमेकऱ्यांनी वाऱ्याची दिशा पाहावी, कारण सल्फर डायऑक्साइडचा झोत वाटेवर येऊ शकतो. ढग उतरले की स्फोटाचा आवाज येतो, पण दिसत काहीच नाही. दगड पडू लागल्यास लगेच पाठ फिरवून धावू नये. दगड कोठे येतो ते पाहून बाजूला व्हावे, पाठपिशवी डोक्यावर धरावी.

वायव्येकडील ‘शारा देल फुओको’ हा सुट्या दगडराखेचा उतार थेट समुद्रात उतरतो. तो पाहण्यास संध्याकाळची होडी उत्तम. होड्या किनाऱ्यापासून दूरच थांबतात. ३० डिसेंबर २००२ रोजी याच उताराचा भाग घसरून त्सुनामी आली व किनाऱ्यावरील घरांचे नुकसान झाले. म्हणून भोंगा वाजताच किनारा सोडून फलकांनी दाखवलेल्या उंच जागी जावे.

बेटावर मीलात्सोहून जलद बोटी व नेपल्सहून जहाज येते. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीसाठी एक दिवस हाताशी ठेवावा. नैर्ऋत्येकडील जिनोस्त्रा या लहान वस्तीत फक्त समुद्रमार्गे जाता येते.