फ्रेंचमधलं 'ते' गेलं कुठे?

फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाचं खुर्चीशी जमतं, टेबलाशी नाही. खुर्ची म्हणजे शेझ, सर्वनाम 'एल', म्हणजे आपल्यासारखीच ती, चला सुटलो. पण टेबल आपल्याकडे ते आणि फ्रेंचमधलं ताब्ल मात्र ती, पुस्तक आपलं ते आणि तिकडचं लिव्र 'इल', म्हणजे तो. मग कोणीतरी विचारतंच की 'ते'ला काय म्हणायचं, आणि उत्तर येतं की ते नाहीच, नामाचं लिंग पाठ करा आणि सर्वनाम त्याप्रमाणे लावा. परीक्षेपुरतं ठीक आहे हे. पण 'ते' होतं, व्यवस्थित होतं, आणि ते गेल्यावर त्याची इस्टेट कोणाला मिळाली ह्यावरून फ्रान्समध्ये अजून भांडणं चालू आहेत.

फ्रेंच जिच्यातून आली त्या लॅटिनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं. इल्ले, इल्ला, इल्लुद. मुळात हे लांबची वस्तू दाखवायचे शब्द, जसं आपलं तो-ती-ते 'तो माणूस' मध्येही चालतं आणि नुसत्या 'तो आला' मध्येही. इल्लेचा झाला इल, इल्लाची झाली एल, आणि त्यांचीच कर्माची रूपं इल्लुम, इल्लाम झिजून झिजून ल आणि ला उरली, म्हणून तर फ्रेंचमध्ये नामाआधीचं आर्टिकल आणि 'त्याला, तिला' वालं सर्वनाम दिसायला सारखंच, दोघं एकाच आईची लेकरं.

नपुंसकलिंग कोणी ठरवून काढलं नाही, बोलता बोलता गेलं. शब्दाच्या शेवटचे आवाज पुसट झाले आणि पुल्लिंगी 'उस' आणि नपुंसक 'उम' ह्यांच्यातला फरकच ऐकू येईना, मग ती बहुतेक नामं गुपचूप पुल्लिंगात जमा झाली. काही मात्र उलट्या बाजूला गेली आणि ती गंमत आहे. फॉलिउम म्हणजे पान, नपुंसक, अनेकवचन फॉलिआ. पण शेवटी 'आ' म्हटल्यावर लोकांना ते स्त्रीलिंगी एकवचन वाटायला लागलं आणि पान झालं ती पान, आजचं फय. आनंदाचं ज्वा हे नामही असंच 'आ'वाल्या अनेकवचनातून आलेलं, तेही स्त्रीलिंगी. समुद्र तर भावंडांत वाटला गेला, लॅटिन मारे नपुंसक, इटालियनमध्ये तो, फ्रेंचमध्ये ती. (आपल्याकडे हिंदीनेही हेच केलं, नपुंसक सोडून दिलं, मराठी, कोकणी, गुजरातीने धरून ठेवलं.)

बरं नामं गेली तरी 'ते'चं काम थोडंच संपतं? पाऊस पडतो हे सांगायला फ्रेंच माणूस 'इल प्ल' म्हणतो, त्यातला इल कोणी पुरुष नाही, ते वेषांतर केलेलं 'ते' आहे. इथूनच सतराव्या शतकातला तो प्रसिद्ध किस्सा येतो. मादाम द सेव्हिन्ये, जिची पत्रं फ्रेंच साहित्यात अजून वाचतात, तिने व्याकरणकार मेनाजला तब्येत विचारली, तो म्हणाला सर्दी झालीये, ही म्हणाली 'झ ला स्वी', मलापण. मेनाजने सुधारलं, 'ला' नाही 'ल' म्हणायचं, कारण इथलं सर्वनाम बाईसाठी नाही, सर्दी होण्याच्या त्या अख्ख्या अवस्थेसाठी आहे. बाई म्हणाल्या, तुम्ही काय वाट्टेल ते म्हणा, मी 'ल' म्हटलं तर मला दाढी आल्यासारखं वाटेल. आता नियम म्हणून मेनाज बरोबर, आजही तसंच शिकवतात, पण बाईंच्या कानाला जे टोचलं तेही खोटं नव्हतं, 'ते' आणि 'तो' एकाच कपड्यात फिरणार असतील तर ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं?

त्याच शतकातले दुसरे व्याकरणकार म्हणजे व्होज्ला. अकादमी फ्रांसेज, म्हणजे फ्रेंच भाषेवर लक्ष ठेवणारी संस्था, 1635 मध्ये स्थापन झाली, हे तिचे सुरुवातीचे सदस्य, ह्यांचं भाषेवरच्या टिपणांचं पुस्तक 'रमार्क' 1647 चं. त्यात ते म्हणतात, पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी नामं एकत्र आली तर विशेषण लावताना पुल्लिंग जिंकणार, कारण ते जास्त 'नोब्ल', म्हणजे खानदानी. पण स्वतःच एक उदाहरण देतात, मन आणि तोंड उघडं, आणि कबूल करतात की व्याकरणाने इथे पुल्लिंगी अनेकवचन पाहिजे पण तोंड (जे फ्रेंचमध्ये ती) शेजारीच असल्याने कानाला स्त्रीलिंगी बरं वाटतं. म्हणजे शेजारच्या नामाशी जुळवायची जुनी सवय तेव्हा जिवंत होती, 1691 च्या नाटकात रासीननेही बिनधास्त तसं लिहिलंय. 1767 मध्ये बोझे ह्या व्याकरणकाराने तर लाजही सोडली, पुल्लिंग खानदानी का, तर नर मादीपेक्षा श्रेष्ठ म्हणून. आपल्याकडे मुलगा आणि मुलगी मिळून मुलं, ती मुलं, हा प्रश्न नपुंसकात आपोआप सुटतो. त्यांच्याकडे पंचवीस मुली आणि एक मुलगा असला तरी सगळे मिळून पुल्लिंगी 'इल'.

हा नियम पुढे शाळेशाळेत घोकला गेला आणि 2017 मध्ये 314 शिक्षकांनी जाहीर केलं की आम्ही आता हे शिकवणार नाही. 2021 मध्ये ल रोबेर डिक्शनरीच्या ऑनलाइन आवृत्तीत 'येल' आलं, इल आणि एल जोडून केलेलं, ज्यांना दोन्हीपैकी एक निवडायचं नाही त्यांच्यासाठी, आणि तेव्हाचे शिक्षणमंत्री ब्लाँकेरसकट बरेच जण तुटून पडले. खरी अडचण मात्र सर्वनामाच्या पुढे आहे. येल खूश आहे असं म्हणायचं तर पुल्लिंगी 'काँताँ' म्हणायचं की स्त्रीलिंगी 'काँताँत', विशेषणाला तिसरं रूपच नाही, ते लॅटिनबरोबर गेलं.