चेंडूचा वेग कुठे मुरतो? मंद झालेल्या पूल टेबलाची तपासणी

घरातले पूल टेबल मंद झाले आहे, हे खेळणाऱ्याला डोळ्यांआधी हाताला कळते. पूर्वी सहज मारलेला पांढरा चेंडू पलीकडच्या कुशनला, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीला, टेकून निम्म्या वाटेपर्यंत परत येत असे. आता तो कुशनपर्यंत पोचतानाच दमलेला असतो, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक फटक्यातला जोर नकळत वाढत जाऊन नेम बिघडू लागतो. अशा वेळी पहिला संशय बहुधा कुशनच्या रबरावर घेतला जातो. नवे रबर बसवणे हे या टेबलावरच्या सर्वांत खर्चिक कामांपैकी एक आहे आणि पुष्कळदा दोष रबराचा नसतोच. त्यामुळे पाना हाती घेण्यापूर्वी घड्याळ हाती घ्यावे, असे माझे मत आहे.

चेंडूची गतिज ऊर्जा दोन ठिकाणी खर्च होते: वाटेवर, म्हणजे कापडावर, आणि वळणावर, म्हणजे कुशनवर. या दोन खर्चांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. कापड दर मीटरला ठरावीक ऊर्जा घेते, मग चेंडू हळू जात असो वा वेगाने; कुशन मात्र चेंडूकडे जेवढी ऊर्जा असेल तिच्यातला ठरावीक हिस्सा कापून घेते. समजा, चांगल्या कापडावर चेंडू सेकंदाला १ मीटर वेगाने गडगडत निघाला. सव्वादोन मीटरचे टेबल पार करताना त्याची सुमारे ४४ टक्के ऊर्जा कापडात जिरते. तोच चेंडू सेकंदाला ४ मीटर वेगाने निघाला, तर तेवढ्याच अंतरात कापड त्याच्या ऊर्जेपैकी जेमतेम ३ टक्के घेते. कुशनवर आपटून ७० टक्के वेगाने परतणारा चेंडू मात्र, वेग कमी असो वा जास्त, निम्मी ऊर्जा तिथेच ठेवून येतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि ०.७ चा वर्ग ०.४९ होतो. म्हणजेच हळू चेंडू कापडाची परीक्षा घेतो आणि जोरात मारलेला चेंडू कुशनची. दोन्ही परीक्षा वेगवेगळ्या घेतल्या की संशयित आपोआप वेगळे होतात.

गडगडणारा चेंडू मुळात थांबतोच का, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. चेंडू कापडावर घासत जात नाही. त्याचा टेकलेला बिंदू क्षणभर स्थिरच असतो. पण चेंडूच्या वजनाने खालची लोकर दबते, पुढच्या बाजूचे तंतू दाबताना ऊर्जा लागते आणि मागच्या बाजूचे तंतू वर येताना ती सगळी परत मिळत नाही. परिणामी कापडाचा वर ढकलणारा जोर चेंडूच्या बरोबर मध्याखाली न राहता किंचित पुढे सरकतो आणि तो प्रत्येक क्षणी चेंडूची फिरकी थोडी थोडी मोडत राहतो. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि बऱ्यापैकी वेगवान टेबलावर हे पुढे सरकणे सुमारे ०.४ मिलिमीटर इतकेच असते. ते अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेले की टेबल सुस्त वाटू लागते. इथे चेंडूच्या वजनाने फारसा फरक पडत नाही, कारण थांबवणारा जोर आणि चेंडूचे जडत्व ही दोन्ही वजनाबरोबरच वाढतात. जड चेंडू आणून टेबल वेगवान होईल, ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

आता घड्याळाची परीक्षा. जाड पुठ्ठ्याला मधोमध घडी घालून एक पन्हळ करावी, तिचे एक टोक पुस्तकावर टेकवून दुसरे कापडावर ठेवावे आणि तिच्यातून चेंडू नुसता सोडावा, म्हणजे हाताचा जोर मोजणीत शिरत नाही. पन्हळीतून उतरल्यावर चेंडूची फिरकी वेगाशी जुळायला थोडे अंतर लागते, म्हणून पन्हळीच्या टोकापासून वीतभर पुढे कापडाच्या कडेला कागदाची खूण ठेवावी. चेंडू खुणेजवळून जाताच घड्याळ सुरू करावे, तो कुठेही न आपटता पूर्ण थांबला की बंद करावे आणि खुणेपासूनचे अंतर मोजावे. पन्हळीची उंची अशी ठेवावी, की चेंडू पलीकडच्या कुशनच्या थोडा अलीकडे थांबेल. अंतराची दुप्पट करून तिला वेळेच्या वर्गाने भागले की चेंडूचे मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, मिळते आणि त्याला ९.८ ने भागले की कापडाचा लोळण-घर्षणाचा गुणांक मिळतो. चेंडू २ मीटर जाऊन ६.४ सेकंदांनी थांबला, तर गुणांक ०.०१ येतो, तेवढ्याच अंतराला ५.२ सेकंद लागले, तर तो ०.०१५ येतो. पूल टेबलांवर हा आकडा साधारणपणे ०.००५ ते ०.०१५ या पट्ट्यात असतो, म्हणजे दुसरे टेबल मंदपणाच्या काठावर आहे.

ज्या टेबलावर चेंडू लवकर थांबला, तेच मंद निघाले, हे पहिल्यांदा मोजणाऱ्याला उलटे वाटते. पण मंद टेबलावर तेवढेच अंतर गाठायचे तर चेंडूला अधिक वेगाने निघावे लागते, आणि म्हणून तो प्रवास कमी वेळात उरकतो. वेगवान टेबलावर मात्र चेंडू रेंगाळत, आता थांबेल की मग थांबेल असे करत पुढे सरकत राहतो. त्यामुळे या परीक्षेत जास्त सेकंद हे टेबलाच्या चांगल्या प्रकृतीचे लक्षण समजावे.

हीच मोजणी उलट दिशेनेही करणे आवश्यक आहे, कारण एका दिशेला मंद वाटणारे टेबल पुष्कळदा नुसते कललेले असते. समजा, २ मीटरसाठी एका बाजूने ६ सेकंद लागले आणि उलट बाजूने ७. पहिले मंदन ०.१११ येते आणि दुसरे ०.०८२, त्यांची सरासरी ही कापडाची, आणि फरकाचा निम्मा भाग हा उताराचा. या उदाहरणातला उतार हिशेबाने मीटरला सुमारे २ मिलिमीटर निघतो, म्हणजे पूर्ण टेबलभर साडेचार मिलिमीटरच्या आसपास. इतका कल डोळ्यांना दिसत नाही आणि छोटी पाणसळ लांबीच्या मध्यावर ठेवली तर तीही तो निसटू देऊ शकते. चेंडू मात्र तो प्रत्येक वेळी दाखवतो. आडव्या दिशेनेही एकदा मोजून घ्यावे आणि मग पायांखालचे स्क्रू थोडे थोडे फिरवून पुन्हा मोजावे.

दोन्ही बाजूंनी सेकंद कमीच आले, तर दोष कापडाकडे जातो, आणि घरगुती टेबलांच्या बाबतीत माझा कौल बहुतेक वेळा इथेच पडतो. पहिला गुन्हेगार म्हणजे क्यूच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठीच्या, टोकाला लावायच्या चॉकची भुकटी. १८९७ साली विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी ज्या चॉकचे पेटंट घेतले त्याचा शाळेतल्या खडूशी संबंध नाही. सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड यांसारखे कठीण, खरखरीत कण हे त्याचे बळ आहे. क्यूच्या टोकावर जे उपकारक तेच कापडात शिरल्यावर अपायकारक ठरते: कण उभ्या-आडव्या धाग्यांच्या मधल्या फटींत बसतात आणि तंतू घासून झिजवतात. मऊ ब्रशने आधी धूळ सैल करावी, मग फिरता ब्रश नसलेल्या तोंडाने, कापड न ओढता, व्हॅक्यूम फिरवावा. नुसता ब्रश मारून थांबले तर भुकटी एका जागेवरून उठून दुसरीकडे बसते. क्यू हातावरून सरकावा म्हणून लावलेली पावडरही याच वाटेने कापडात जाते, आणि ती वापरणे सोडावे हेच बरे.

दुसरे कारण हवेतले पाणी. कापडाचा मुख्य घटक लोकर हा आहे, आणि लोकर ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरून ठेवते; संपृक्त हवेत हे प्रमाण एक-तृतीयांशापर्यंत जाऊ शकते. ओलावलेले तंतू फुगतात, मऊ होतात आणि दाबले गेल्यावर सावकाश वर येतात, म्हणजे नेमका ऊर्जा गिळणारा गुण वाढतो. ज्या टेबलांना खिसेच नसतात त्या कॅरम बिलियर्ड्सच्या मोठ्या स्पर्धांत स्लेटच्या, म्हणजे कापडाखालच्या दगडी फरशीच्या, खाली तापक बसवून टेबल खोलीपेक्षा काही अंश उबदार ठेवतात, ते कापड कोरडे राहावे म्हणूनच. घरी एवढा खटाटोप नको. पण टेबल तळघरात किंवा बाहेरच्या भिंतीलगत असेल, तर त्या खोलीत आर्द्रतामापक ठेवावा आणि हवा ५० टक्क्यांच्या आसपास राखता आली तर पाहावी. कोरड्या आठवड्यात ६.४ आणि दमट आठवड्यात ५.७ सेकंद येत असतील, तर कापड बदलून काहीच साधणार नाही.

तिसरी गोष्ट कापडाची जात. काही कापडांना लव असते, काहींना नसते. विंचरलेल्या लांब तंतूंच्या पिळदार धाग्यापासून विणलेले वर्स्टेड कापड गुळगुळीत आणि वेगवान असते; लव असलेल्या जाड कापडावर चेंडू जणू गवतातून जातो. कमी किमतीच्या घरगुती टेबलांवर दुसऱ्या प्रकारचे कापड सर्रास आढळते, आणि अशा टेबलाला बिघाड म्हणता येत नाही, ते जन्मतःच मंद आहे. कापड सैल पडले असेल, तर चेंडूपुढे एक बारीकशी लाट सरकत राहते आणि तिच्यावर चढण्यात त्याची शक्ती जाते. तळहात सपाट ठेवून किंचित पिळावा. सुरकुती उठली आणि तशीच राहिली, तर कापड पुन्हा ताणून बसवायला हवे. एक प्रकार मात्र अक्षम्य आहे: जुने कापड न काढता त्यावरच नवे चढवणे. खालचा थर गादीसारखा दबतो, आणि शिवाय चेंडू कापडाच्या जाडीइतका वर उचलला गेल्याने कुशनची उंचीही त्याच्या मानाने कमी होते.

चेंडूंबद्दल थोडक्यात. फिनॉलिक रेझिनच्या चेंडूंवर चॉक आणि हाताचे तेल यांचा पातळ थर बसतो, तो कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन मऊ फडक्याने पुसला की जातो. त्याने लांबचा प्रवास फारसा बदलत नाही. पण चेंडू चेंडूवर आदळताना घर्षण वाढल्याने दुसरा चेंडू ठरल्या दिशेपासून सरकतो, आणि मळलेले चेंडू कापडावर मळ परत नेऊन ठेवतात.

घड्याळाची परीक्षा उत्तम झाली आणि तरीही जोरात मारलेला चेंडू लवकर थांबतो, तर मगच कुशनकडे वळावे. क्यू आडवा धरून चेंडूच्या मध्यावर ठणठणीत फटका मारला असता चेंडूने, उसळी न घेता, टेबलाची लांबी किमान चार ते साडेचार वेळा पार करावी, अशी अपेक्षा व्यावसायिक टेबलांच्या मानकांत आहे. तीनच्या आत थांबणाऱ्या टेबलाच्या कुशनवर संशय घ्यायला हरकत नाही. पण त्यातही सगळ्याच कडा दोषी असतील असे नाही. मघाचीच पन्हळ प्रत्येक कडेपासून फूटभर अंतरावर ठेवून, त्याच उंचीवरून चेंडू सोडून, तो आपटून किती मागे येतो हे वेगवेगळ्या जागी मोजले, तर मेलेली जागा चटकन सापडते. ती एका ठिकाणापुरती असेल, तर कडेवर तळहात टेकून त्या जागी चेंडू मारावा: घट्ट कड गप्प राहते, सैल कड हाताखाली थरथरते आणि आवाज बद्द येतो. लाकूड हलले की जी ऊर्जा रबराने परत द्यायची ती थरथरीत जाते. स्लेटच्या टेबलांत प्रत्येक कडेला खालून सहसा तीन बोल्ट असतात, आणि ते आवळणे हे कधी कधी पाच मिनिटांचे काम असते.

बोल्ट घट्ट असतील तर उंची मोजावी. कुशनची पुढची धार चेंडूच्या व्यासाच्या साडेबासष्ट ते साडेचौसष्ट टक्के उंचीवर, म्हणजे कापडापासून सुमारे ३५.७ ते ३६.९ मिलिमीटरवर असावी. धार वर गेली की ती चेंडूला परत ढकलताना खालीही दाबते आणि कापडात ऊर्जा जाते. खाली गेली की चेंडू उडी घेतो. शेवटी रबर. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर ते दगडासारखे लागत असेल, किंवा कडा सुटून भुगा होत असेल, तर हवेतल्या ऑक्सिजनने त्याची लवचीकता संपवली आहे आणि त्याला इलाज नाही. नुसते थंड खोलीत सुस्त वाटणारे रबर मात्र ऊब मिळाली की सुधारते. चार्ल्स गुडइयर यांच्या १८४४ सालच्या अमेरिकन पेटंटातली, रबराला गंधकासोबत तापवून टिकाऊ करण्याची रीत वापरात येण्यापूर्वी कुशन थंडीत इतकी कडक होत, की खेळापूर्वी ती ऊब देऊन मऊ करावी लागत.

या सगळ्यातून काढलेले आकडे लिहून ठेवायला टेबलाची खालची बाजू सोयीची असते. तारीख, खोलीची आर्द्रता, दोन्ही दिशांचे सेकंद आणि जोराच्या फटक्याच्या लांब्या, एवढे पेन्सिलीने एका ओळीत मावते. कापड नवे बसवल्याच्या दुसऱ्या दिवशीची ओळ तिथे असेल, तर पुढच्या प्रत्येक ओळीची तुलना तिच्याशीच करता येते.