डिस्प्ले टंक : ठळक आणि खेळकर

डिस्प्ले टंक म्हणजे मोठ्या आकारात, मोजक्या शब्दांसाठी वापरायचा अक्षरसाचा. रोजच्या बोलण्यात त्याला डिस्प्ले फॉन्ट म्हणतात. मजकुराचा टंक वाचकाच्या लक्षातही येऊ नये अशी अपेक्षा असते. डिस्प्ले टंकाचे उलट आहे : तो आधी दिसतो, मग वाचला जातो. त्यातल्या खेळकर प्रकारात रेषा जाड, टोके गोलसर आणि वळणे फुगीर असतात. अक्षरे हाताने काढल्यासारखी किंचित डुलतात.

या जातीचा उगम जाहिरातीत आहे. १९व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये भिंतींवरच्या पत्रकांसाठी आणि लॉटरीच्या जाहिरातींसाठी पुस्तकांचे नाजूक खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, अपुरे पडू लागले आणि ‘फॅट फेस’ नावाचे लठ्ठ साचे निघाले. शिशाचे खिळे फार मोठे केले की जड आणि महाग होत. १८२७ मध्ये अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी राउटर या कोरीवकामाच्या यंत्राने लाकडी खिळे कोरायला सुरुवात केली आणि वीतभर उंचीची अक्षरे सहज छापता येऊ लागली. मात्र जाडीला गोडवा आला तो पुढच्या शतकात. अमेरिकी अक्षरकार ऑस्वल्ड कूपर यांचा १९२२ चा ‘कूपर ब्लॅक’ हा त्याचा ठळक नमुना : कोपरे असे वितळलेले की एवढे काळे अक्षरही अंगावर येत नाही.

देवनागरीत हे काम कितीतरी अवघड आहे. ठळक अक्षराचा जीव त्याच्या शाईत नसतो, आत उरलेल्या पांढऱ्या पोकळीत असतो. रेषा जाड करत गेलो की ही पोकळी आक्रसते, आणि देवनागरीत तर वर मात्रा व रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे अशी सगळीकडून दाटी असते. ‘घडा’ आणि ‘धडा’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. ‘घ’ची शिरोरेषा अखंड असते, ‘ध’ची डावीकडे तुटते आणि तिथे एक लहानशी गाठ बसते. एवढ्या फटीवरच दोन्ही शब्द उभे आहेत. बेफिकीरपणे जाड केलेल्या साच्यात ती फट बुजते आणि धड्याचा घडा होतो. ‘भर’ आणि ‘मर’ यांचेही तेच, आणि तिथली चूक तर अधिकच महागात पडेल. म्हणून चांगला आरेखक रेषा सरसकट जाड करत नाही. फट आधी राखतो आणि उरलेल्या जागेत जाडी बसवतो. टंकाला स्वतःची ठळक आवृत्ती नसेल, तर सॉफ्टवेअरमधले ‘बोल्ड’ बटण साध्या टंकाची रेषा नुसती फुगवते, म्हणून तेव्हा ते या कामी वापरू नये.

भारतीय लिप्यांचे टंक घडवणाऱ्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा या विचाराचा टोकाचा आणि माझ्या मते फार देखणा नमुना आहे. त्यात पोकळी जवळजवळ संपवून तिची फक्त बारीक, नागमोडी चीर ठेवली आहे, आणि अक्षर ओळखू येते ते त्या चिरेवरूनच. याच संस्थेचा ‘बलू’ त्यापेक्षा मवाळ, अधिक कामाचा. तो नऊ भारतीय लिप्यांसाठी आणि रोमनसाठी घडवला आहे, आणि इतर लिप्यांतल्या त्याच्या आवृत्त्यांच्या नावात त्या त्या भाषेतला ‘भाऊ’ या अर्थाचा शब्द आहे : गुजरातीत ‘बलू भाई’, गुरुमुखीत ‘बलू पाजी’, तमिळमध्ये ‘बलू तंबी’, बंगालीत ‘बलू दा’. दोन्ही टंक मुक्त परवान्याचे असून व्यावसायिक कामातही विनामूल्य वापरता येतात.

असा टंक शोभतो तो एक ते पाच-सहा शब्दांना : बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, खाऊच्या पाकिटावरचे नाव, महोत्सवाचे पोस्टर, खेळाच्या ॲपचा पहिला पडदा, स्टिकर, टी-शर्ट. रेषेला अंग असल्यामुळे आत रंग, ठिपके किंवा चित्रही भरता येते. बारीक अक्षराला ही सोय नाही. परिच्छेद, अर्ज, औषधाची माहिती किंवा शोकसंदेश यांना तो घालू नये. पहिल्या तिघांत वाचन अडखळते आणि शेवटच्यात सूर चुकतो. सोबतचा मजकूर ‘मुक्ता’सारख्या शांत टंकात असावा. एका पानावर दोन खेळकर टंक एकमेकांचा आवाज दाबतात.

मांडणीत तीन गोष्टी हमखास बिघडतात. रोमनच्या सवयीने अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द विखुरतो. दुसरे म्हणजे मथळा दोन ओळींचा असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आपटतात. ओळींतले अंतर वाढवूनही भागले नाही, तर ओळ दुसऱ्या शब्दापाशी तोडावी. तिसरे म्हणजे सावली आणि जाड किनार एकाच वेळी दिली की उरलीसुरली पोकळीही भरून जाते. दोघांपैकी एकच ठेवावी.

अंतिम निवडीआधी नेमका तोच मजकूर खऱ्या आकारात छापून पाच-सहा पावले मागे जाऊन वाचावा. घ-ध, भ-म, थ-य यांपैकी कुठे डोळा थबकला, तर जाडी एक पायरी उतरवावी. ‘बलू’च्या पुढच्या आवृत्तीत, ‘बलू २’मध्ये, त्यासाठी पाच जाड्या आहेत.