व्हे आणि केसीन: अंड्यासोबत कोणती पावडर कशी वागते

प्रोटीन पावडर घालून केलेलं अंड्याचं धिरडं कुणाकडे मऊ लुसलुशीत होतं, तर कुणाकडे इतकं चिवट की दाताने ओढून तोडावं लागतं. कृती तीच, तवा तोच, अंडी तेवढीच. मग दोष गॅसला दिला जातो, नाहीतर ओट्सला. बहुतेक वेळा फरक डब्यात असतो. एका घरात व्हे असतं, दुसऱ्या घरात केसीन. दोन्ही पावडरी दुधाच्या, दोन्ही पिवळसर पांढऱ्या, दोन्हींना व्हॅनिलाचा वास आणि दोन्ही डब्यांवर एका स्कूपमध्ये, म्हणजे डब्यातल्या मापाच्या चमच्यात, 24 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लिहिलेलं. शेकरमध्ये पाण्याबरोबर हलवून प्यायची असेल तर गोंधळ झाला तरी फारसं बिघडत नाही. गॅसवर ठेवायची असेल तर मात्र बिघडतं.

थोडक्यात सांगायचं तर व्हे उष्णतेने अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठतं. केसीन उष्णतेने गोठत नाही, पाणी पिऊन फुगतं. व्हे घालताना आपण आणखी एक पांढरं घालतोय असं समजावं आणि केसीन घालताना आणखी थोडं पीठ घालतोय असं. एवढं लक्षात राहिलं तर बाकीचं स्वयंपाकघरात आपोआप उलगडतं, पण त्यामागचं कारणही मजेशीर आहे.

गाईच्या दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण 80 टक्के केसीन आणि 20 टक्के व्हे. केसीनचे बारीक गोळे दुधात तरंगत असतात आणि मुख्यतः त्यांच्यामुळे दूध पांढरं दिसतं. त्यांना आंबटपणा चालत नाही, आम्लता 4.6 पीएचच्या आसपास गेली की ते एकमेकांना धरून बसतात, म्हणजेच दही लागतं किंवा दूध फाटतं. उकळण्याचं मात्र त्यांना काही वाटत नाही. म्हणून दूध कितीही उकळलं तरी अंड्यासारखं गोठत नाही. व्हेचं नेमकं उलट. आंबटपणात ते निवांत विरघळून राहतं, पण साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याची घडी उलगडायला लागते आणि उलगडलेले धागे एकमेकांत अडकतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. श्रीखंडासाठी दही टांगलं की खाली जे हिरवट पाणी गळतं, ते म्हणजे फुकटचं व्हे प्रोटीन, असं समजून बरेच जण ते कणकेत घालतात. घाला, पोळी मऊ होते आणि चवही छान येते. पण प्रोटीनच्या हिशोबात ते धरू नका. आपण विरजण लावायच्या आधी दूध उकळतो, तेव्हा व्हेचा बराच भाग उलगडून केसीनला चिकटतो. उकळलेल्या दुधाचं दही घट्ट लागतं ते याच कारणाने. म्हणजे व्हे चक्क्यातच राहिलेलं असतं आणि गळालेल्या पाण्यात प्रोटीन अगदी थोडं उरतं. डब्यातलं व्हे येतं चीजच्या कारखान्यातून. तिथे दूध उकळत नाहीत, फक्त पाश्चराइज करतात. चीज वेगळं काढल्यावर उरलेलं पाणी गाळून, आटवून, वाळवून पावडर करतात. पुणे जिल्ह्यात मंचरला अशी मोठी डेअरी आहे, जिथे चीजही बनतं आणि व्हे पावडरही.

घरात कुठली पावडर आहे ते लेबलवर कळतंच, पण ती कशी वागते ते एकदा डोळ्यांनी बघावं. दोन छोट्या स्टीलच्या वाट्या घ्या. दोन्हींत साधारण 15 ग्रॅम पावडर, म्हणजे अर्धा स्कूप, आणि चार मोठे चमचे गार पाणी. ढवळतानाच फरक दिसायला लागतो. व्हे पातळच राहतं, वर थोडा फेस धरतं. केसीन दोन मिनिटांत चमच्याला धरून राहील इतकं दाट होतं, पेढ्याच्या मिश्रणाकडे झुकायला लागतं. आता दोन्ही वाट्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि झाकण घाला. थोड्या वेळाने व्हेची वाटी कडेने पांढरी व्हायला लागते, मग मधोमध थरथरते आणि शेवटी उलटी केली तरी पडणार नाही अशी घट्ट वडी होते. सुरीने कापली तर कापाच्या कडेला पाण्याचे थेंब सुटलेले दिसतात. केसीनच्या वाटीत काहीच घडत नाही. ते गरम होतं, उलट जरासं सैल पडतं आणि चमच्याने हलवलं तर हलतं. मग त्यात लिंबाचे चार थेंब पिळा: गुठळ्या. (गोड, स्वाद घातलेल्या पावडरीत डिंक असतात, त्यामुळे परिणाम थोडा इकडेतिकडे होतो, पण दिशा हीच.)

व्हेच्या वडीतून सुटलेले ते थेंब महत्त्वाचे आहेत. अंड्याचं पांढरं 60–62 अंशांना दुधाळ व्हायला लागतं, पिवळा बलक 65 ते 70च्या दरम्यान घट्ट होतो आणि पांढऱ्यातलं मुख्य प्रोटीन पूर्ण गोठायला 80च्या पुढे जावं लागतं. व्हे याच पट्ट्यात गोठतं. म्हणजे अंडी आणि व्हे एकत्र तव्यावर गेली की गोठणारी दोन प्रोटीनं एकाच वेळी आवळायला लागतात आणि आवळताना आतलं पाणी बाहेर ढकलतात. ते पाणी वाफ होऊन जातं, मागे उरतो तो चिवट, कोरडा पापुद्रा. त्यात व्हेच्या पावडरीत थोडी लॅक्टोज साखर असते, कॉन्सन्ट्रेट या साध्या प्रकारात जास्त, आयसोलेट या जास्त शुद्ध केलेल्या प्रकारात फारच कमी. ही साखर आणि व्हेमधलं भरपूर लायसिन (प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल) मिळून झपाट्याने तांबूस रंग धरतात. वरून खरपूस दिसलं म्हणून उतरवावं तर आत कच्चं, आणि आतलं शिजेपर्यंत थांबावं तर वरचं काळं.

म्हणून व्हेच्या धिरड्यात चार गोष्टी सांभाळायच्या: पावडर कमी, ओलावा जास्त, आच मंद, झाकण हवंच. दोन अंडी, 30 ग्रॅम ओट्सचं पीठ, 15 ग्रॅम व्हे, एक पिकलेलं केळं कुस्करून, दोन चमचे दही आणि चिमूटभर बेकिंग पावडर. केळं नुसतं गोडीला नाही. त्यातला गर आणि दह्यातलं केसीन ओलावा धरून ठेवतात. बिडाचा तवा फार तापवू नका, पीठ छोट्या छोट्या धिरड्यांसारखं घाला आणि वरचा भाग कोरडा दिसायला लागला की उलटा. दोन अंड्यांचे 12 ग्रॅमच्या वर, व्हेचे जवळपास 12 आणि ओट्सचे 4, म्हणजे एका ताटात 28 ग्रॅम प्रोटीन सहज. पूर्ण स्कूप घालून आकडा 40वर नेण्याचा मोह होतो. तो हव्यासच चिवट धिरड्यांच्या मुळाशी असतो. पिठाच्या निम्म्यापर्यंत व्हे चालतं, त्यापुढे नको.

त्याच मापात केसीन घातलं तर? पीठ भांड्यातच घट्ट गोळा होईल. तीन-चार चमचे दूध किंवा पाणी वाढवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा, रव्याला ठेवतो तसं. मग हवं तर आणखी पाणी. ही धिरडी जाडसर, केककडे झुकणारी होतात. फुगत फारशी नाहीत, पण कोरडीही पडत नाहीत. सकाळी केलेली दुपारी ऑफिसच्या डब्यात उघडली तरी मऊ असतात, व्हेची तोवर वातड झालेली असतात. डब्यात न्यायचं असेल तर माझं मत सरळ केसीनच्या बाजूने आहे. गरम गरम खायचं असेल तर व्हेची जाळी जास्त छान पडते.

केसीनची खरी कमाल दिसते ती अंड्याच्या पुडिंगमध्ये. कॅरॅमल पुडिंगमध्ये अंडी दूध धरून ठेवतात, पण आच जरा चढली की पुडिंगला भोकं पडतात आणि पाणी सुटतं. दोन कप दुधाला चार अंडी घेत असाल तर तीन घ्या आणि दोन मोठे चमचे केसीन थोड्या गार दुधात गुठळ्या मोडून मिसळा. ते पाणी धरून ठेवतं आणि अंड्याला थोडी सवलत मिळते. इथे व्हे घालू नका. भोकं वाढतील.

ज्यात अंडं नाही अशा गरम पदार्थांत गोंधळ आणखी वेगळा. उकळत्या नाचणीच्या खिरीत किंवा ओट्समध्ये व्हे भुरभुरलं की क्षणात पांढऱ्या गाठी होतात आणि त्या कशानेही मोडत नाहीत. बाहेरून गोठलेल्या, आत कोरडी पावडर. पातेलं खाली उतरवायचं, बोट सोसवेल इतपत निवू द्यायचं आणि गार दुधात कालवलेलं व्हे मग घालायचं. कॉफीलाही हाच नियम. केसीन उकळत्यात घातलं तरी गोठणार नाही, पण गुठळ्या त्याच्याही होतात, म्हणून कालवून घेणं दोघांनाही लागू. ताकात किंवा लिंबाच्या सरबतात मात्र व्हे, आणि तेही आयसोलेट. बाजारात फळांच्या चवीचं पारदर्शक प्रोटीन मिळतं, ते याच गुणावर बनवलेलं असतं. केसीन ताकात घातलंत तर तळाला चोथा बसेल.

तिखट-मिठाच्या पदार्थांत, म्हणजे भुर्जी, ऑम्लेट, अंडा करीच्या रश्शात, दोन्ही डबे बंदच ठेवावेत. स्वाद नसलेली पावडरसुद्धा भुर्जीला पिठूळ करते, आणि चुकून व्हॅनिलाची गेली तर कांदा-मिरचीबरोबर तिचा जो वास उठतो त्याला औषध नाही. प्रोटीन वाढवायचंय ना, मग दोन पांढरी जास्त फोडा, प्रत्येकी साडेतीन ग्रॅमच्या आसपास मिळतील. किंवा पनीर कुस्करा.

ज्या घरात अंडं चालत नाही तिथे हमखास प्रश्न येतो: अंड्याऐवजी व्हे घालून केक होईल का? गोठणं व्हेला जमतं, फेस धरणंही बऱ्यापैकी जमतं, पण भट्टीत तो फेस अंड्याच्या पांढऱ्याइतका टिकत नाही, बसतो. आणि पिवळ्या बलकातली चरबी आणि तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं लेसिथिन तर पावडरीत आणणार कुठून? तेल, दही आणि सोडा यांच्या जुन्या अंडेविरहित केकमध्ये थोडं व्हे मिसळावं, अंड्याची जागा त्याच्याकडून भरून घेऊ नये.

शिजवल्याने प्रोटीन मरतं, ही भीती दोन्ही पावडरींबद्दल आणि अंड्याबद्दलही ऐकू येते. उष्णतेने प्रोटीनची घडी उलगडते; ज्यांचं प्रोटीन बनतं ती अमिनो आम्लं तिथेच असतात. पोटातही आम्ल तेच काम करणार असतं. जळून काळं झालेल्या भागात थोडं लायसिन वाया जातं, तेवढंच. अंड्याच्या बाबतीत तर शिजवणं फायद्याचं: 1998 साली बेल्जियममध्ये झालेल्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे 91 टक्के प्रोटीन पचलं, कच्च्यातलं 51 टक्केच. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं अविडिन नावाचं प्रोटीन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतं आणि साल्मोनेला जंतूंची भीती आहेच. तेव्हा शेकमध्ये कच्ची अंडी फोडणं हा नुसता दिखाऊपणा.

व्हे लवकर पचतं, केसीन सावकाश, हे खरं आहे. फ्रान्समध्ये 1997 साली झालेल्या अभ्यासाने ते दाखवलं. केसीन पोटातल्या आम्लाने दह्यासारखं लागतं आणि हळूहळू सुटतं. पण तो अभ्यास नुसत्या पेयाचा होता. अंडी, ओट्स, केळं, तूप यांच्यासोबत धिरड्यात गेल्यावर व्हेही तितक्या घाईने पचत नाही. म्हणून ‘सकाळी व्हे, रात्री केसीन’ हा जिममधला मंत्र ताटातल्या जेवणाला फारसा लागू नाही. तुम्हाला काय शिजवायचंय त्यावर डबा निवडा.

आणि मुळात डबा हवाच का, हेही बघा. आयसीएमआर–एनआयएन (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था) यांच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे 65 किलोच्या माणसाला 54 ग्रॅम. दोन-तीन अंडी, वरण, दही आणि मूठभर शेंगदाण्यात यातलं बरंच येतं. याच संस्थांनी 2024च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळायला सांगितलंय. व्यायाम जोरात असेल तर गरज वाढते, तिथे अर्धा स्कूप धिरड्यात घालणं समजू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर दोन्ही डबे वर्ज्य. फक्त लॅक्टोज पचत नसेल तर व्हे आयसोलेट बहुतेकांना चालतं.

विकत घेताना पुढचं चकचकीत नाव वाचू नका, डबा उलटा करून घटकांची यादी वाचा. ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहिलेलं असतं. ‘व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट’ किंवा ‘आयसोलेट’ पहिलं असेल तर ती गोठणारी पावडर. ‘मायसेलर केसीन’ किंवा ‘कॅल्शियम केसिनेट’ पहिलं असेल तर पाणी पिणारी. ‘मिल्क प्रोटीन’ असं लिहिलं असेल तर त्यात दोन्ही असतात, दुधातल्याच प्रमाणात, म्हणजे केसीनच जास्त. पीठ भिजवताना पाणी थोडं वाढवा. आणि सोया, स्किम्ड मिल्क पावडर, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) यांची नावं वरच्या रांगेत दिसली तर वरचं कुठलंच माप लागू होणार नाही. अशा डब्याची पहिली धिरडी दोनच घाला आणि बघा.