पोलंडमधले पणजोबा शोधताना अर्ज कुठे अडतो

आधीच सांगून टाकतो. ‘आमचे पणजोबा पोलंडचे उमराव होते, तसा दाखला द्या’ असा अर्ज तिथे कुठल्याच खिडकीवर चालत नाही. मार्च १९२१च्या राज्यघटनेच्या ९६व्या कलमाने घराण्यांच्या पदव्या आणि मानमरातब मोडीत काढले. मिळतो तो फक्त जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदींचा उतारा. पणजोबा कोण होते ते त्यातूनच काढायचं.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांची नातवंडं आता ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात आहेत. त्यांतल्या काहींचे अर्ज मी भरून दिले. बहुतेक घरांत एक गेलेला वाडा, एक चिन्हाची अंगठी आणि ‘आजी सांगायची’ हे असतंच. अंगठीपासून सुरुवात करू नका. तिथलं कुलचिन्ह थोडंफार आपल्या देवकासारखं असतं. लेलिवा हे एकच चिन्ह शेकडो आडनावांचं आहे, आणि त्यांचं आपसात रक्ताचं नातं असेलच असं नाही. आडनावाच्या शेवटी ‘स्की’ आहे म्हणूनही काही सिद्ध होत नाही.

खरी अडचण गावाच्या नावाची. जुन्या कागदांवर नुसतं ‘पोलंड’ किंवा ‘रशिया’ लिहिलेलं असतं, आणि नोंदवह्या तर गावाच्या चर्चप्रमाणे लावलेल्या. कुणाला ‘नोवा व्येश’ एवढं आठवतं. त्याचा अर्थ ‘नवं गाव’, आणि अशी गावं आपल्याकडच्या पिंपळगावांसारखी ढिगाने आहेत. जहाजाची यादी, सैन्यातला कागद, परदेशातल्या लग्नाची नोंद, जे हाती लागेल त्यातून जिल्हा आणि चर्च काढा. मगच अर्ज. त्याआधी नोंदींची सूची देणारं ‘गेनेतेका’ आणि सरकारी अभिलेखागाराचं ‘शुकाय व आर्खिवाख’ ही दोन्ही संकेतस्थळं चाळा, फुकट आहेत.

दुसरा घोळ वर्षांचा. जन्माची नोंद १०० वर्षं, लग्न आणि मृत्यूची ८० वर्षं नागरी नोंदणी कार्यालयात राहते, मग अभिलेखागारात जाते. लोक सगळ्यालाच शंभर धरतात आणि १९३८च्या लग्नासाठी नोंदणी कार्यालयाला लिहितात. मुदत संपल्या दिवशीच वही हलते असंही नाही, त्यामुळे अर्ज इकडून तिकडे टोलवला गेला तर हताश होऊ नका.

मुदतीच्या आतल्या नोंदीचा उतारा स्वतःला, जोडीदाराला, भावंडांना आणि सरळ रेषेतल्या नातलगांनाच मिळतो. आजोबांच्या भावाची नोंद मागितली की ‘कायदेशीर हितसंबंध दाखवा’ असं उत्तर येतं. माणूस हयात नाही, मूलबाळ नाही, तरी हेच. डोकं आपटून उपयोग नाही, आपल्याच आजोबांची मागा. आईवडिलांची नावं दोघांची एकच.

सोबत नात्याची साखळी लागते: तुमचा जन्मदाखला, आईचा, आजीचा. लग्नात आडनाव बदललं तिथे लग्नाचा दाखला हवाच, बहुतेक साखळ्या तिथेच तुटतात. परदेशी कागदांचं पोलिश भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्या. उतारा घेताना ११ झ्वोती (पोलंडचं चलन) वाचवायला जाऊ नका. संक्षिप्त २२ ला, संपूर्ण ३३ ला मिळतो, पण समासातल्या नोंदी संपूर्णमध्येच येतात.

वळिवड्याच्या बहुतेक घरांना आणखी एक फेरा आहे. ही माणसं तेव्हाच्या पोलंडच्या पूर्व सीमाभागातली. १९४०-४१मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना सायबेरिया, कझाकस्तानात हाकललं. ती गावं आज युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात आहेत. पोलंडला आलेल्या वह्यांपैकी मुदतीतल्या वॉर्सा नोंदणी कार्यालयाच्या ‘बुग नदीपलीकडच्या’ (म्हणजे आजच्या पूर्व सीमेपलीकडच्या) गावांच्या विभागात आहेत आणि जुन्यांपैकी बऱ्याच वॉर्साच्याच मध्यवर्ती ऐतिहासिक अभिलेखागारात. उरलेल्या ल्विव, विल्निअस, ग्रोदनो इकडे.

उतारा हाती आला की नावाआधीचा शब्द बघा. लॅटिन नोंदीत ‘गेनेरोसुस’ किंवा ‘नोबिलिस’ असेल तर उमराव, ‘लाबोरिओसुस’ असेल तर कष्टकरी शेतकरी. आणि उमराव म्हणजे वाडाहुडा असं समजू नका. जुन्या पोलंडात लोकसंख्येच्या आठ-दहा टक्के उमराव होते, त्यांतले कित्येक स्वतः नांगर धरायचे. ‘काउंट’ ऐकलं तर जास्तच सावध व्हा, त्या पदव्या बहुतेक पोलंडच्या फाळणीनंतर, म्हणजे अठराव्या शतकाअखेर रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने देश वाटून घेतल्यावर, परक्या दरबारांनी वाटलेल्या.

रशियन नोंदीत ‘अदनाद्वोर्त्सी’ सापडलं तर मात्र थांबा. १८३०च्या उठावानंतर झारने पूर्वेकडच्या प्रांतांतल्या उमरावांकडे पुरावे मागितले, आणि ज्यांना कागद दाखवता आले नाहीत अशा खेड्यातल्यांना ऑक्टोबर १८३१च्या हुकमाने उमरावपद काढून या वर्गात टाकलं. म्हणजे आजीची गोष्ट खरी असू शकते. पणजोबांच्या वाडवडिलांचा उमरावपणाचा अर्जही कागदाअभावीच फेटाळला गेला असेल. त्या अर्जांच्या फायली बऱ्याच ठिकाणी जपलेल्या आहेत. अभिलेखागाराकडे शोध मागताना जन्मनोंदीच्या जोडीला ही फाइलही लिहून मागा, आणि काही सापडलं नाही तरी शोधाचे तास लावून पैसे घेतात हे धरून चाला.